कॉलरबोन मोडल्यावर पुन्हा सायकलवर: काय करायचं, कधी आणि कोणत्या क्रमाने

कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, मोडलेले दोन तऱ्हेचे सायकलवाले मी पाहिले आहेत. एक चौथ्या-पाचव्या आठवड्यात "आता काही दुखत नाही" म्हणत सायकल बाहेर काढतो. दुसरा दीड महिना हात झोळीतून काढतच नाही, आणि हाड जुळल्यावर कळतं की खांदा आखडलाय, कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत हात जात नाही. दोघांचा घोळ एकाच जागी झालेला असतो. दुखणं सगळ्यात आधी थांबतं. हाड त्याच्या बऱ्याच नंतर पक्कं होतं. खांद्याची ताकद सगळ्यात शेवटी परत येते, तीही मेहनत केली तरच.

मी पहिल्या तऱ्हेतला. पुण्याजवळच्या जुन्या कात्रज घाटाच्या उतारावर, पावसात, वळणावरच्या तेलकट पट्ट्यावरून घसरलो आणि थेट उजव्या खांद्यावर आपटलो. पाचव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून खडकवासल्याला भजी खायला सायकलवरून गेलो. एका स्पीडब्रेकरवर खांद्यात जी कळ उठली, तिने पुढचे तीन आठवडे पुन्हा झोळीत घालवले. त्यामुळे पुढचं सगळं काहीशा कडक आवाजात लिहिलंय.

मी डॉक्टर नाही. इथले आठवडे मोठ्या माणसाच्या, हाडाच्या मधल्या भागात झालेल्या साध्या फ्रॅक्चरचे आहेत. बहुतेक फ्रॅक्चर याच भागात होतात, कारण तिथे हाड बारीक असतं आणि त्याला आधार देणारे स्नायू-अस्थिबंध कमी. खांद्याकडच्या टोकाला मोडलं असेल तर वेळापत्रक बदलतं. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्याचंच ऐका.

टप्पा १: पडल्यावरचा पहिला अर्धा तास

१. आधी रस्त्याच्या कडेला व्हा. सायकल उचलायला धावू नका, ती दुसरा कोणीतरी उचलेल.

२. हात कोपरातून वाकवून पोटाशी धरा. जर्सीची चेन अर्धी उघडून कोपरापुढचा हात आत ठेवला की तात्पुरती झोळी तयार होते. बॅगेतली जादा ट्यूब गळ्यात अडकवूनही हात टांगता येतो.

३. हेल्मेट पाहा. तडा गेला असेल, पडल्याचा क्षण आठवत नसेल, उलटी होत असेल किंवा डोकं जड वाटत असेल, तर दवाखान्यात खांद्याच्याही आधी हे सांगा. खांद्याच्या कळांमध्ये डोक्याचा मार विसरला जातो.

४. "घर चारच किलोमीटर आहे" म्हणून एका हाताने सायकल चालवत निघू नका. कोणाच्या स्कूटरवर मागे बसूनही नको. रिक्षा किंवा गाडी बोलवा.

गाडीत कुठे बसायचं यालाही अर्थ आहे. आपल्याकडे डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, उजव्या सीटचा उजव्या. उजवं हाड मोडलं असेल तर डावीकडे बसा. डावं मोडलं असेल तर मागे उजवीकडे.

थांबा, थेट कॅज्युअल्टी गाठा: श्वास घेताना धाप लागतेय, बोटं बधिर किंवा गार पडलीत, हाताला मुंग्या येतायत, हाड कातडीतून बाहेर आलंय किंवा कातडी आतून टोचून ताणली जाऊन पांढरी पडलीय. या हाडाच्या खालूनच हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात आणि फुप्फुसाचा वरचा भागही तिथून लांब नसतो.

टप्पा २: दवाखान्यात काय विचारायचं

एक्स-रे शक्यतो दोन कोनांतून हवा, एक समोरून सरळ आणि एक तिरपा. एकाच सरळ फोटोत तुकडे किती सरकलेत ते नीट कळत नाही. डॉक्टरांना हे विचारा आणि लिहून ठेवा: हाड कुठे मोडलंय, तुकडे किती, एकमेकांवर किती सेंटिमीटर चढलेत, बरगड्या ठीक आहेत का.

तुकडे एकमेकांवर का चढतात? मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली खेचतं आणि छातीचा स्नायू खांदा आत ओढून हाड आखूड करतो. म्हणूनच हात टांगून ठेवण्याला एवढं महत्त्व आहे. त्या वजनाला आधार मिळाला की निम्मी कळ तिथेच जाते.

मग मोठा प्रश्न: ऑपरेशन की नुसती झोळी? जखम उघडी असेल, नस किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल, कातडी फाटायच्या बेतात असेल, तर फारसा वाद नसतो. हाड सुमारे दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आखूड झालं असेल, किंवा मधला तुकडा आडवा पडला असेल, तर बरेच सर्जन ऑपरेशन करून हाडावर स्क्रूने धातूची प्लेट बसवायला सुचवतात. पूर्ण सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये प्लेटमुळे हाड न जुळण्याची शक्यता कमी होते आणि सुरुवातीचे महिने सोपे जातात. त्या बदल्यात भूल, जखम, कातडीखाली हाताला लागणारी प्लेट आणि पुढे कदाचित ती काढायचं दुसरं ऑपरेशन हे सगळं येतं. न सरकलेलं किंवा थोडंच सरकलेलं हाड झोळीतच छान जुळतं. वर एक उंचवटा कायमचा राहतो, तो दिसतो, त्रास सहसा देत नाही.

ठरवायला काही दिवस असतात. कळा मारत असताना, अॅडमिशनच्या काउंटरवर उभं राहून "करून टाका" म्हणू नका. आणीबाणी नसेल तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवून या.

"प्लेट घातली की दोन आठवड्यांत सायकल" हे सायकलवाल्यांच्या ग्रुपमधलं लाडकं वाक्य. उदाहरण ठरलेलं असतं: डेन्मार्कचा व्यावसायिक सायकलपटू योनास व्हिंगेगार्ड एप्रिल २०२४ मध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत पडला, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार बसला आणि तरी त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये दुसरा आला. खरं आहे. पण त्याच्या दिमतीला रोज डॉक्टर आणि फिजिओ होते, आणि सायकल चालवणं हीच त्याची नोकरी. आपल्याला सकाळी नऊला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून निघायचं असतं. प्लेट तुकड्यांना जागेवर धरते. हाड जुळायला लागायचा तो वेळ लागतोच.

दोन छोट्या गोष्टी. पहिली, पाठीमागे आठच्या आकड्यासारखा बांधायचा तो क्लॅव्हिकल ब्रेस. आपल्याकडे तो अजून सर्रास देतात. साध्या झोळीपेक्षा त्याने हाड जास्त चांगलं जुळतं असं दिसलेलं नाही, आणि काखेत तो काचतो. दिला असेल तर स्वतःहून भिरकावू नका, "नुसती झोळी चालेल का?" एवढं विचारा. ब्रेसमुळे बोटं बधिर होत असतील तर तो सैल करून लगेच फोन करा. दुसरी, नात्यातलं कोणी ना कोणी हाडवैद्याचं नाव सुचवतंच. मोडलेल्या कॉलरबोनला मालीश, ओढणं, बसवणं यातलं काहीही नको.

तपासा, घरी निघण्याआधी: एक्स-रेची प्रत, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन झालं असेल तर प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरची स्टिकर आणि सगळी बिलं. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. पहिला एक्स-रे जपून ठेवा, सहाव्या आठवड्यात तोच शेजारी लावून पाहायचा आहे.

टप्पा ३: पहिले दोन आठवडे, घरात

हे दिवस कंटाळवाणे. तरी खांदा आखडणार की नाही याचं बीज इथेच पडतं.

झोप. आडवं झोपता येणार नाही. भिंतीला किंवा पलंगाच्या डोक्याला लोड-तक्के लावून अर्धवट बसतं झोपा आणि दुखऱ्या कोपराखाली उशी ठेवा, म्हणजे कोपर मागे पडणार नाही. उठताना चांगल्या कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठा. दुखऱ्या हातावर भार देऊन उठणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, आणि ती अर्धवट झोपेत होते.

कपडे. पुढून बटणांचा सैल शर्ट. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. टी-शर्ट विसरा.

झोळी. कोपर पूर्ण आत, मनगट कोपराच्या किंचित वर, पट्टा मानेच्या हाडावर नाही तर खांद्याकडे. पंजा बाहेर लोंबत असेल तर झोळी लांब झालीय. काखेत दिवसातून दोनदा पुसून कोरडं करा. पावसाळ्यात तिथे पुरळ येते आणि ती हाडापेक्षा जास्त छळते.

व्यायाम. पहिल्या दिवसापासून, दर एक-दोन तासांनी: मूठ उघडा-मिटा, मनगट गोल फिरवा, आणि झोळीतून हात काढून, कोपर शरीराशी ठेवून ते सरळ-वाकवा. दहा-दहा वेळा. खांदा हलवायचा नाही, कोपर मात्र हलवायचंच. मी पहिला आठवडा कोपर वाकडंच ठेवलं होतं. ते सरळ करायला मग पुढचा आठवडा गेला.

औषधं. काही तीव्र वेदनाशामकांनी पोट घट्ट होतं, म्हणून पाणी आणि पालेभाजी वाढवा. डाळी, अंडी, दूध, मासे, नाचणी यातलं जे घरात चालतं ते नेमाने खा. पडून आहोत म्हणून जेवण निम्म्यावर आणू नका. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेणारे दोन जण मला माहीत आहेत, त्यामुळे चिठ्ठी नीट वाचा. आणि तंबाखू, सिगारेट, मिश्री बंद. हाड न जुळण्यात तंबाखूचा हात असतो.

थांबा, डॉक्टरांना फोन करा: टाक्यांतून पू किंवा सतत ओल, ताप, वाढत जाणारी सूज, नव्याने आलेला बधिरपणा. एक अपवाद आहे. ऑपरेशननंतर टाक्यांच्या खाली छातीवर तळहाताएवढा भाग सुन्न वाटतो, कारण तिथल्या कातडीच्या बारीक नसा कापल्या किंवा ताणल्या जातात. तो सुन्नपणा पुष्कळदा हळूहळू कमी होतो. तपासणीच्या वेळी तरी तो दाखवा.

टप्पा ४: दुसरा ते सहावा आठवडा, खांदा सोडवणं

डॉक्टर किंवा फिजिओने हिरवा कंदील दाखवला की पुढच्या क्रमाने जा. आधीची पायरी न दुखता जमल्याशिवाय पुढची नको.

१. झोके. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चांगला हात टेकून कमरेतून वाका, दुखरा हात मोकळा सोडा. अंग हलवा, त्याच्या झोक्याने हात हलू दे. बशीएवढी लहान वर्तुळं पुरेत. हाताच्या ताकदीने फिरवलंत तर व्यायामाचा हेतूच गेला.

२. खांद्याची पाती मागे. आरशासमोर ताठ बसून दोन्ही पाती एकमेकांकडे हलकेच ओढा, पाच सेकंद थांबा. खांदे कानाकडे वर जाऊ देऊ नका.

३. लाटणं दोन्ही हातांत धरून, चांगल्या हाताने ढकलत दुखरा हात बाहेर आणि वर न्या. मर्यादा: खांद्याची उंची, त्यावर नाही.

४. भिंतीवर बोटांनी चढणं. जिथवर पोचलात तिथे पेन्सिलने खूण करा. रोज अर्धं बोट पुढे सरकलं तरी मन खूश होतं. भिंतीवरून घरात बोलणी बसतील ती वेगळी.

या काळात खांद्याच्या वर हात नाही, चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही, ढकलणं-ओढणं नाही. कुकरचं झाकण, बसमधला दांडा, गाडीचं जड दार, सगळं दुसऱ्या हाताने. दुचाकी अजिबात नाही.

आणि ट्रेनर, म्हणजे घरात एका जागी सायकल चालवायचा स्टँड? परवानगी मिळाली आणि टाके असतील तर ते निघून जखम कोरडी झाली, की साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बरेच जण सुरू करतात. यात लोक पुढच्या चार ठिकाणी चुकतात.

चढता-उतरताना पडणं. शेजारी भक्कम स्टूल ठेवा आणि पहिल्या काही वेळा घरातलं माणूस जवळ असू दे.

क्लीटचे बूट, म्हणजे तळाच्या खटक्याने पेडलमध्ये अडकणारे. क्लीट सोडवताना पायाला बसणारा हिसका थेट खांद्यात जातो. साधे बूट, साधे पेडल.

पुढे वाकणं. पुढच्या चाकाखाली जाड ठोकळा ठेवून हँडल उंच करा आणि ताठ बसा. चांगला हात हँडलच्या मधल्या सरळ भागावर, दुखरा हात झोळीत. त्यावर शरीराचा भार शून्य.

जोर. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. उभं राहून पेडल नाही, स्प्रिंट नाही. पंखा लावा, घामाने झोळी भिजली तर लगेच बदला.

तपासा: ट्रेनरनंतरच्या रात्री कळ वाढली किंवा हाड "कट्" करून सरकल्यासारखं वाटलं, तर ट्रेनर बंद, डॉक्टर चालू.

टप्पा ५: सहाव्या आठवड्याचा एक्स-रे

इथे घाई करणारे हमखास फसतात, मीही फसलो. पाचव्या आठवड्यात माझं दुखणं थांबलं होतं, कारण तुकड्यांभोवती मऊ सांधा धरला होता. तो हात हलवण्याइतका पक्का होता, स्पीडब्रेकरवर हँडलमधून येणारा धक्का सोसण्याइतका नव्हता.

सहाव्या आठवड्याला फ्रॅक्चरची रेघ अजून दिसली तर घाबरू नका. डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात: जागेवर दाबून दुखतं का, हात हलवताना तुकडे हलतात का, आणि एक्स-रेत नवं हाड धरताना दिसतंय का. मोठ्या माणसाचं हाड नीट जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्यामुळे "सहा आठवडे झाले" म्हणजे तपासणीची तारीख आली, एवढंच.

टप्पा ६: सहावा ते बारावा आठवडा, ताकद

झोळी सुटली, आता डोक्यावर हात नेणं पूर्ण मोकळं करायचं. मग ताकद. आधी जागेवर ढकलणं: कोपर शरीराशी, मुठीने भिंतीला पुढे, बाजूला आणि मागे हलका दाब. नंतर रबरी पट्टा, मग एक किलोचं वजन (पाण्याची भरलेली लिटरची बाटली चालते). दंडबैठकांमधले दंड शेवटी आणि तेही चढत्या क्रमाने: भिंतीवर, मग ओट्यावर, मग खुर्चीवर, मग जमिनीवर. दर पायरीला आठवडा द्या.

सायकलवाल्यांचे पाय तयार असतात, दमही असतो, आणि घोटाळा त्यामुळेच होतो. हँडलवर टेकून तासभर धड सावरायचं काम खांद्याच्या मागच्या आणि पाठीच्या वरच्या स्नायूंचं, आणि नेमके तेच वाळलेले असतात. आरशात दोन्ही खांदे पाहा. एका बाजूचं पातं बाहेर डोकावत असेल तर फिजिओला दाखवा.

टप्पा ७: आधी सायकल तपासा

तुमच्या अंगाला लागलेला मार सायकललाही लागलेला आहे. हेल्मेट फेकून द्या, तडा दिसत नसला तरी. एका आपटीनंतर आतला फोम दबतो आणि पुन्हा काम देत नाही. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो अडकवायची पट्टी, वाकलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या, नाहीतर चढावर चेन मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर नेली की डिरेलर स्पोकमध्ये जाईल. कार्बनचं हँडल किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असेल तर टेप काढून पाहा, शंका आली तर बदला. ब्रेकचे हूड (हँडलवर हात टेकायची ब्रेकची रबरी पकड) फिरलेले असतात, ते सरळ करून घ्या. काही महिने हँडल एक-दोन स्पेसर (खालच्या चकत्या) घालून उंच ठेवा, टायरमध्ये हवा थोडी कमी. टायर रुंद बसत असेल तर तोच लावा.

टप्पा ८: रस्ता

डॉक्टरांनी रस्त्याची परवानगी दिली, की आधी उभ्या सायकलवर, भिंतीशी, ही परीक्षा द्या:

– दोन्ही हातांनी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून, अंग पुढे झोकून दहा सेकंद.
– दुखऱ्या बाजूच्या खांद्यावरून मागे वळून मागची गाडी पाहणं.
– फक्त दुखरा हात हँडलवर ठेवून दुसऱ्या हाताने बाटली काढणं आणि परत ठेवणं.
– दुखरा हात आडवा करून वळण्याची खूण करणं.

यातलं एक जरी कळ न येता जमलं नाही, तर आज रस्ता नाही. पेडल मारणं तुम्ही कधीच विसरला नव्हता. खरी कसोटी कुत्रं आडवं आल्यावर लागणाऱ्या ब्रेकची आहे.

पहिली राइड सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर किंवा रिकाम्या मैदानाभोवती, अर्धा तास, एकट्याने. दुसऱ्या आठवड्यात रविवारी पहाटे सपाट डांबरी रस्ता, दहा-पंधरा किलोमीटर. तिथून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून चालवणं, घाटाचे उतार आणि ओला रस्ता हे सगळ्यात शेवटी, साधारण तीन महिने झाल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच. कच्चा रस्ता आणि माउंटन बाइक त्याच्याही नंतर.

उताराची भीती बसते. माझी बरेच महिने होती. ज्या वळणावर पडलो तिथे एकदा कोरड्या दिवशी चालत जाऊन आलो, मग सायकलने चढून गाडीतून उतरलो, मग हळू सायकलने उतरलो. ग्रुपमधले हसले. हसू दे.

प्लेटचं पुढे काय

प्लेट कायम ठेवली तरी चालते. पाठीवरच्या बॅगेचा पट्टा टोचत असेल, थंडीत तिथे ठणकत असेल, तरच काढायचा विचार होतो, आणि तोही हाड पूर्ण भरल्यावर, साधारण वर्षभराने किंवा त्यानंतर. प्लेट काढली म्हणजे लगेच मोकळे, असं मात्र नसतं. स्क्रूच्या भोकांची जागा भरून येईपर्यंत हाड तिथे कच्चं असतं आणि त्याच जागी पुन्हा मोडू शकतं, म्हणून काही आठवडे पुन्हा ट्रेनर आणि पुन्हा जड उचलणं बंद. काढायचीच असेल तर तारीख जूनच्या अखेरीची घ्या. जुलैत कात्रजचा उतार तसाही तेलकटच असतो.